पर्वत नसलेल्या पर्वत पाटियाहून : खाकी, टाफेटा आणि डोंगरावर गेलेली पोरं

पर्वत पाटियाला पर्वत नाही. नवीन माणूस हमखास विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. पर्वत हे इथल्या जुन्या गावाचं नाव, आणि पाटिया म्हणजे रस्त्यावर गावाची पाटी लावलेली जागा. आपण मराठीत ज्याला फाटा म्हणतो, तेच. जमीन इतकी सपाट की जोराचा पाऊस झाला की मिठी खाडीचं पाणी घरात येतं. डोंगर बघायचा तर सोनगड नाहीतर सापुतारा गाठावं लागतं.

मंडळाच्या बैठकीत मी एक जुना विंडचीटर घेऊन गेलो होतो. त्यावरून जी चर्चा झाली, ती लिहून काढ असं सगळ्यांनी सांगितलं. म्हणून हा लेख.

विंडचीटर १९८६ चा. मी आठवीत होतो, शाळेच्या स्काउट पथकात. पावसाळ्यात सोनगडच्या किल्ल्यावर एक मुक्कामी शिबिर ठरलं. पिलाजीराव गायकवाडांचा हा किल्ला, बडोद्याच्या आधीचं गायकवाडांचं ठाणं. सरांनी यादी दिली : रेनकोट, कॅनव्हासचे बूट, ताट-वाटी, दोरी, शिट्टी. दोरी आणि ताट घरात होतं. रेनकोट नव्हता. वडील लिंबायतमध्ये संच्यावर कामाला (यंत्रमागाला सुरतेत संचाच म्हणतात). त्यांनी शेठला विचारून पांढऱ्या नायलॉन टाफेट्याचा तुकडा आणला आणि मोठ्या मायनं तो शिवून दिला. टोपीसकट. मी तो घालून उधन्याहून गाडीत बसलो तेव्हा राजासारखा वाटत होतो. गडावर पाऊस आला आणि दहा मिनिटांत बनियनपर्यंत भिजलो.

घरी येऊन तक्रार केली तर वडील म्हणाले, "कापड चांगलंच आहे, मी स्वतः विणलंय." मग पाणी आत आलं कसं? याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मला ते मिळायला बरीच वर्षं लागली.

आधी शिबिराकडे वळू. मुलांना गणवेश घालून रानात न्यायची कल्पना आपल्याकडे बाहेरून आली असं समजतात. ते अर्धंच खरं. खाकी रंग मुळात इथलाच. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीनं धुळीच्या रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली. खाक म्हणजे धूळ. पुढे इंग्रजी फौजेनं तो रंग उचलला. बेडन-पॉवेल हा हिंदुस्थानात नोकरी केलेला फौजी अधिकारी. त्यानं १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. त्यात बड्या शाळांतली पोरं होती आणि कामगारांचीही. सगळ्यांना सारखा पोशाख दिला की कोण कुठला ते कळत नाही, हा त्यामागचा एक विचार. १९०९ मध्ये स्काउट चळवळ हिंदुस्थानात आली, पण सुरुवातीला ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. ज्या देशाच्या धुळीवरून कापडाला नाव मिळालं, त्या देशाच्या पोरांना दार बंद! मग ॲनी बेझंट यांनी मद्रासला, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीतर्फे भारतीय मुलांची पथकं काढली. शेवटी ७ नोव्हेंबर १९५० ला सगळ्या संघटना मिळून भारत स्काउट्स झालं आणि पुढच्या वर्षी गाइड्सही त्यात आल्या.

आपल्या बाजूला याला समांतर एक धारा होती, ती आखाड्याची. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांची जुम्मादादा व्यायामशाळा होती. तिथून गुजरातभर व्यायामशाळांचं वारं गेलं. त्यावर स्वतंत्र लेख हवा. इथे एवढंच, की आखाड्यात लंगोट पुरे होता. कपड्याची यादी शिबिराबरोबर आली.

स्वातंत्र्यानंतर ती यादी वाढत गेली. १९४८ मध्ये एनसीसी, १९४९ मध्ये यूथ हॉस्टेल्स असोसिएशन. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघाली. नंदू जयाल तिचे पहिले प्राचार्य, तेनसिंग प्रशिक्षणप्रमुख. आता पोरं बर्फात जाणार, तर त्यांना घालायला काय? परदेशी सामान मागवायचं तर परकीय चलन नाही. १९६० च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेसाठी बरंचसं सामान देशातच बनवून घेतलं. म्हणजे आपल्याकडे डोंगरावरच्या कपड्यांचा पहिला मोठा शिंपी सरकारच होतं.

बाजारात काय होतं? डकबॅक. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला सुरू केलेल्या बेंगॉल वॉटरप्रूफचं हे नाव. स्वदेशीच्या काळातला माल, रबर लावलेलं कापड, जड पण भरवशाचं. सह्याद्रीतल्या पोरांनी मात्र स्वतःचा जुगाड केला. फौजी पद्धतीचे हिरवे हंटर बूट, नंतर ॲक्शनचे ट्रेकिंग शूज, आणि अंगात घरातलाच जुना शर्ट. मुंबई-पुण्याच्या कितीतरी गिर्यारोहकांनी अर्धी जिंदगी यावर काढली.

आता टाफेटा. सुरत जरीचं आणि रेशमाचं शहर. रेशमाच्या जागी आधी रेयॉन आलं, मग नायलॉन, मग पॉलिएस्टर. १९६० च्या दशकात देशात नायलॉनचं सूत निघू लागलं. आपल्या आबासाहेब गरवाऱ्यांनीही पिंपरीला कारखाना काढला. १९८२ मध्ये पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना उभा राहिला, अगदी कर्नाळा-माणिकगडाच्या परिसरात. म्हणजे ट्रेकर वर आणि त्याच्या भविष्यातल्या जॅकेटचा धागा खाली! ही सगळी सुतं विणायला सुरतेत माणसं लागली. धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं ताप्ती व्हॅली रेल्वेच्या लाइनीनं येत गेली. माझे आजोबा त्याच लाइनीनं आले आणि मी त्याच लाइनीनं सोनगडला गेलो.

संच्यावरून उतरतो तो ग्रे ताका. टाफेटा म्हणजे साधी, घट्ट विण. वारा अडवते, पाणी नाही. पाणी अडवायला आतून लेप लागतो, आणि लेप असला तरी शिवणीत सुईनं पाडलेल्या भोकांतून पाणी येतं. त्यावर पट्टी चिकटवावी लागते. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून असा पातळ पापुद्रा बनवला, की पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. १९७६ च्या सुमाराला गोर-टेक्सचे कपडे विकायला आले. माझ्या विंडचीटरला ना लेप होता ना पट्टी. वडिलांच्या विणण्यात खोट नव्हती. त्यांचं काम जिथे संपत होतं, तिथून पुढचं काम झालंच नव्हतं.

ब्रँड उभा राहिला तो या पुढच्या कामावर. नॉर्थ फेस १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका दुकानानं सुरू झाला, पॅटागोनिया १९७३ ला. दोन्ही डोंगरावर जाणाऱ्यांनी काढलेले. आपल्याकडे बंगळूरच्या काही हौशी मंडळींनी तंबू बनवता बनवता वाइल्डक्राफ्ट उभं केलं. १९९८ मध्ये ती रीतसर कंपनी झाली. २००९ मध्ये फ्रान्सचं डेकॅथलॉन भारतात आलं आणि हजाराच्या आत रेनजॅकेट मिळायला लागलं. हे मी मनापासून चांगलं मानतो. १९८६ ला ते असतं तर मी भिजलो नसतो. पण या कंपन्यांचा इतिहास वाचताना मला एक खटकतं : त्यात संस्थापक असतो, लोगो असतो, पहिलं दुकान असतं. कापड कुठल्या संच्यावर विणलं, हे नसतं.

पाटियाच्या आसपास थंडीत हातगाडीवर मोठमोठ्या परदेशी नावांची जॅकेटं लागतात. सगळ्यांना कळतं ती खोटी आहेत. नावाची पट्टी वेगळी विणून मिळते, तीही सुरतेतच. लिंबायत-डिंडोलीची पोरं ती घालून रात्रीच्या गाडीनं साल्हेरला जातात. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच किल्ला. गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या गेला होता. विचारलं, भिजलास का? म्हणाला, "खांद्याच्या शिवणीतनं आलं थोडं."

विंडचीटर आता मंडळाच्या कपाटात आहे. कुणाकडे १९९० च्या आधीचे स्काउट, एनसीसी किंवा सेवादलाच्या शिबिराचे फोटो असतील, किंवा घरी शिवलेलं असं काही असेल, तर बैठकीला घेऊन या. फाटकं असलं तरी चालेल. मोठी माय आज ऐंशीच्या पुढे आहे. तिला सगळी मापं अजून आठवतात, पुढच्या महिन्यात तिच्याकडून ती लिहून घेणार आहे.