चांदीची गाडी आणि आपलं पान

आमच्या खासगी बाजारात शाही मेजवानीचा विषय निघाला की जयविलास आठवतोच. जयाजीराव शिंद्यांनी तो राजवाडा १८७४ मध्ये बांधून घेतला. तिथल्या जेवणाच्या टेबलावर रुळांवरून चांदीची छोटी आगगाडी फिरे, पाहुण्यांपुढे मद्य नि सिगार आणी. बाटली उचलली की थांबे. मला मात्र वाटतं, दिवस मावळायच्या आत जेवणारी, कांदा-लसूण वर्ज्य असलेली आपली आजी तिथे बसती, तर तिच्यासाठी त्या गाडीत काय होतं?

२०२३ मध्ये दुबईच्या ‘अवतारा’ या शाकाहारी भारतीय रेस्टॉरंटला मानाचा मिशेलिन तारा मिळाला. तिथे कांदा-लसूण वापरत नाहीत. बायांनो, ज्या नेमांना जग अडचण म्हणायचं, त्यांनाच आता तारा लागला! आपल्याकडे तर पान मांडायच्या आधीच विचारतात, “तुम्हाला काय चालतं?”