सांज्याचे कूळ

सांजा आणि सांज यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. सांजा खायचा तोही बहुधा सकाळीच. सांज ही उघड उघड संध्येची लेक : संध्या, प्राकृतात संझा, मराठीत सांज. सांज्याचे गोत्र मात्र शोधावे लागते. माझा कौल 'संयाव' या शब्दाला. सम् + यु, म्हणजे एकत्र कालवणे. हे रूप कसे साधायचे ते सांगणारे सूत्र पाणिनीत आहे (३.३.२३). मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात देवाला न दाखवता केवळ आपल्यासाठी रांधू नयेत असे पदार्थ येतात. तिथे कृसर, पायस, अपूप यांच्या पंगतीला संयाव बसला आहे. टीकाकार त्यात तूप, दूध, गूळ आणि गव्हाचे पीठ सांगतात. म्हणजे गोडाचा सांजाच की! 'संयम' प्राकृतात 'संजम' झाला, त्याच वाटेने संयावाचा 'संजाव' आणि पुढे व गळून सांजा झाला असावा. थंडीत जाड रवा खरपूस भाजून, कढत पाणी ओतून, हिरवी मिरची घालून वाफवतात तो तिखटामिठाचा सांजा धाकट्या पातीतला दिसतो. सांजोरीतली 'ओरी' ही बहुधा पुरीच. कचोरीतही तीच असावी.

य चा ज होण्याची ही खोड एकट्या सांज्याची नव्हे. यवाचा जव झाला. याच यवापासूनची 'यवागू' पालीत 'यागु' झाली आणि बंगालीत 'जाउ' म्हणून आजही भाताच्या आसट पेजेच्या रूपात नांदते. एके काळी हिचा थाट मोठा. चरकाने सूत्रस्थानाच्या दुसऱ्याच अध्यायात २८ यवागू दिल्या आहेत. विनयपिटकातल्या महावग्गात तर खुद्द बुद्ध यागूचे दहा गुण मोजतो : आयुष्य, कांती, बळ, बुद्धीची चलाखी इथपासून भूक-तहान भागणे, वात सरणे आणि बस्तिशुद्धीपर्यंत. ओट्सच्या डब्यावरही एवढे छापायला कुणी धजावणार नाही. मराठीने यवागू गमावली, पण तिची पातळ बहीण राखली : संस्कृत पेया, प्राकृत पेज्जा, आपली पेज. पुन्हा तोच ज! गोव्यात आणि तळकोकणात ही पेज आजही आजाऱ्याची नव्हे, धडधाकट माणसाची आहे.

लापशीचे उलटे झाले. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त 'लप्सिका' आहे, पण ती तुपात भाजलेल्या कणकेची, दूध-साखर-लवंग घातलेली, म्हणजे शिऱ्याच्या घरची. गुजरातीत लापसीचा तो मान टिकला; तिथे लापसीचे आधण ठेवायला सांगणे म्हणजे शुभवार्ता. मराठीत आल्यावर बिचारी पातळ झाली आणि दुखणाईत माणसाच्या उशाशी जाऊन बसली. मूळ शब्द संस्कृतात बाहेरून शिरला असावा, निदान तसा वास येतो. दलिया हिंदीतून अलीकडे आलेला. दळण आणि डाळ यांच्याप्रमाणे त्याचाही मूळ पुरुष 'दल्', फुटणे.

पण हे सारे ज्या वेळी खायचे ती वेळ सांगायला आपण फारसीकडे गेलो. 'नाश्ता' फारसीत म्हणजे सकाळपासून अन्न न शिवलेला, उपाशी! 'न्याहारी'च्या पोटात 'नाहार' दिसतो. त्याचाही जुना अर्थ उपाशी, आणि आज इराणात तोच शब्द दुपारच्या जेवणाला लावतात. नाश्त्यातला नकार काढला तर उरतो तो 'खाणे' या अर्थाचा धातू, संस्कृत 'अश्'चा सख्खा भाऊ असावा. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता नाश्ता आणि अनशन एकच! संस्कृतातला सरळ शब्द 'प्रातराश'. त्यातल्या 'आश'शी इराणी 'आश' जुळतो : धान्य-कडधान्य-पाला शिजवलेले दाट, गरम कढण. ते शिजवणारा तो 'आशपज', म्हणजे स्वयंपाकी. हा 'पज' आपल्या 'पच्'चा, पक्वान्नातल्या पक्वाचा नातलग. पेजेशी त्याचा काही संबंध नाही. तेवढा मोह आवरावा.