चरबी घरच्या घरी बनवणारी गाठ

एखाद्या बाईला कॅन्सर निघाला की घरचे आधी तिचं तेल-तूप बंद करतात, मग साखर, मग दूधही. गाठ उपाशी मरेल, असा हिशोब. बचत गटांच्या बैठकांत आम्ही हे फार ऐकतो. हा हिशोब कुठे चुकतो, ते जुन्या प्रयोगांतूनच कळतं.

जर्मनीत बर्लिनला ओटो वारबुर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते. 1920 नंतरच्या काळात त्यांनी गाठीच्या पातळ चकत्या काचेच्या भांड्यात ठेवून पाहिल्या. भरपूर ऑक्सिजन असूनही त्या पेशी बरीचशी साखर पूर्ण न जाळता तिचं आम्ल करत होत्या. दही आंबट करतं ना, तेच आम्ल. कॅन्सरच्या पेशीचा श्वासच बिघडलेला असतो, असं वारबुर्ग धरून बसले. ते सगळ्या गाठींना लागू नाही, हे पुढे दिसलं. पण साखरेची ओढ खरी. पेट स्कॅनमध्ये गाठ दिसते ती याच ओढीमुळे.

चरबीची गोष्ट कळायला 1953 साल उजाडलं, आणि त्यात एक बाई पुढे होत्या. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ग्रेस मेडेस, तेव्हा साठी ओलांडलेल्या! त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गाठीच्या चकत्यांना खुणेचा कार्बन असलेली साखर दिली. खूण असली की तो कार्बन पुढे कुठे गेला ते सापडतं. तो सापडला चरबीत. गाठ रक्तातून चरबी येण्याची वाट बघत बसली नव्हती, साखरेपासून स्वतःच बनवत होती.

आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी तयार चरबी रक्तातून घेतात. बनवण्याचं काम मुख्यतः यकृताचं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनांचं, दुधासाठी. ते करणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव फॅटी अ‍ॅसिड सिंथेज. स्तनाच्या जास्त घातक गाठींत एक प्रथिन सापडत होतं. ते हेच विकर आहे, असं 1994 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी दाखवलं. बाळ नाही, दूध नाही, तरी कारखाना चालू! कारण नव्या पेशीला भोवतीचं आवरण लागतं, आणि ते बरंचसं चरबीचंच असतं.

हे विकर अडवणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. ताटातलं तूप काढून ते थांबत नाही. वाळते ती बाई, आणि केमो सोसायची ताकद तिलाच लागते. म्हणून कुणाचंही ऐकून तिचं जेवण तोडू नका. पुढच्या तपासणीला जाताना ती काय खाते, किती खाते, वजन किती उतरलं, हे लिहून न्या आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर तेही सांगा, त्याचं पथ्य वेगळं.