बारवेच्या तळाशी १७९३

करमाळ्याच्या कमलाभवानीचं दर्शन घेऊन तुम्ही देवीच्या माळावरच्या बारवेपाशी येता. पायऱ्या ९६. उतरायला लागा. आज दर पायरी तुम्हाला दोन-अडीच वर्षं मागे नेणार आहे.

शेवटच्या पायरीवर पाय टेकतो तो १७९३ मध्ये, पुण्याजवळ. समोर कावसजी उताणा पडलाय. इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात छाटला गेला. त्याच्या उशाशी बसलेला माणूस वीटभट्टीवाल्यांच्या जातीतला. मेणाचा पातळ तुकडा घेऊन तो आधी नाकाचं माप घडवतो. मग तोच तुकडा सपाट करून कपाळावर ठेवतो, भोवती रेघ ओढतो आणि रेघेवरून कातडी सोडवतो. पण दोन डोळ्यांच्या मध्ये ती जोडलेलीच राखतो. जरा वाकून बघा! त्या बोटभर चिंचोळ्या पट्टीतून रक्त खेळतंय, म्हणून कातडी जिवंत आहे. ती पीळ देऊन खाली वळवली जाते, नाकाच्या जागी बसते. वरून भिजवलेल्या काथाच्या चिंध्या. हो, आपण पानात घालतो तोच काथ. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ही हकीकत छापली. कारागिराचं नाव मात्र आपल्यापर्यंत आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता वर चढा. वरून विसाव्या पायरीशी १९७५: अमेरिकेत राइनवॉल्ड आणि ग्रीन माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवताहेत. दहाव्या पायरीशी २००० साल, मुंबईचं शीव रुग्णालय. इथे त्वचापेढी सुरू होते. मृताच्या मांडी-पाठीवरून काढलेली पातळ कातडी ग्लिसरॉलमध्ये टिकवतात आणि भाजलेल्याच्या अंगावर पांघरतात. काही आठवड्यांनी शरीर ती झिडकारतं. पण तोवर जंतू बाहेर राहतात, अंगातलं पाणी आत राहतं, जीव तगतो.

तिसऱ्या पायरीशी २०१९, अमेरिकेतलं वेक फॉरेस्ट विद्यापीठ. चाकांवरचं यंत्र जखमेचा नकाशा टिपतं, मग तोट्यांतून थरावर थर सोडतं: खाली आतल्या कातडीच्या पेशी, वर बाहेरच्या. शाईऐवजी कोलॅजन आणि फायब्रिनचा चिकट रस. प्रयोग उंदरांवर आणि डुकरांवर झाला. मला त्यात पुण्याचाच हात दिसतो: आधी माप, मग मापाची कातडी, तीही ज्याची त्याला.

तुम्ही काठावर आलात. इथे, आज, कुणाच्या स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडाला, तर हे यंत्र मदतीला येणार नाही. ते अजून रोजच्या उपचारात नाही. आज लागते ती माणसाची कातडी. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत देता येते, रक्तगट जुळावा लागत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत. घरी गेल्यावर एवढं सांगून ठेवा.