थंडीचा मुकादम : नागपूरच्या गिरणीपासून मीरा-भाईंदरच्या भिंतीवरील डबीपर्यंत

१/ मीरा-भाईंदरमधील एखाद्या बँकेत, रुग्णालयात किंवा लग्नाच्या सभागृहात शिरले की भिंतीवर तळहाताएवढी एक डबी दिसते. तिच्यावर तापमानाचा आकडा उमटलेला असतो. हवा थंड करणारे यंत्र गच्चीवर असते. ही डबी केवळ हुकूम सोडते. गिरणगावच्या भाषेत सांगायचे तर ती मुकादम आहे. हा मुकादम कामावर कसा आला आणि तो नेमका कोणाचे हित पाहतो, याचा हा धागा.

२/ थंडी आधी आली, हुकूम मागाहून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला धाडला. पुढच्याच वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला आणि १८४३ मध्ये शहरात त्याच्यासाठी खास बर्फघर उभे राहिले.

३/ बर्फाला मात्र हुकूम कळत नाही. तो आपल्या गतीने वितळतो. मासळीवर किती बर्फ पसरायचा आणि तो केव्हा बदलायचा, हे उत्तनच्या किनाऱ्यावर आजही कोळी बांधव नजरेने आणि हाताने ठरवतात. तेथे मापक, मुकादम आणि मजूर असे तिघेही एकाच माणसात असतात. हा निर्णय माणसाच्या हातून यंत्राकडे जाण्यास जे कारण घडले, ते होते कापसाचे सूत.

४/ कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. कापसाचा तंतू हवेतील ओलावा शोषून लवचीक राहतो. हवा कोरडी झाली की तो ठिसूळ होतो आणि सूत तुटते. मुंबईला समुद्राची दमट हवा आयती मिळत होती. विदर्भात ती कोठून येणार?

५/ जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी तिचे उद्घाटन झाले. कापूस जवळ होता, पण उन्हाळ्याची हवा भाजून काढणारी. तेव्हा गिरणीत हवेला ओलावा देणारी यंत्रे बसविण्यात आली. महाराष्ट्राच्या भूमीवर बंदिस्त जागेतील हवा यंत्राने हवी तशी घडविण्याच्या आरंभीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी हा एक. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ही हवा सुतासाठी घडविली जात होती.

६/ सुताला जे मानवते ते माणसाला मानवेलच असे नाही. घाम वाळतो तेव्हा शरीर निवते. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल तर घाम वाळत नाही आणि उष्णता अंगातच कोंडते. म्हणून गिरणीतील हवा जोखताना एक साधा तापमापक पुरत नाही. शेजारी ओले कापड गुंडाळलेला दुसराही लागतो. दोघांच्या आकड्यांतील अंतर जितके कमी, तितका कामगाराचा जीव अधिक घाबरा.

७/ याच सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक वेगळ्याच कारणाने त्रासले होते. वर्ग किती तापला आहे हे पाहण्यासाठी शाळेचा सेवक वारंवार आत येई आणि शिकविण्यात खंड पडे. जॉन्सन यांनी वर्गातील तापमान बदलताच भट्टीजवळच्या माणसाला विजेने सूचना देणारे साधन तयार केले. १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि १८८५ मध्ये मिलवॉकीत कंपनी निघाली. हाच आजच्या डबीचा पूर्वज. प्रारंभी तो हुकूम माणसाला देत असे. पुढे थेट यंत्राला देऊ लागला.

८/ १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील ओलावा आवरणारी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी रूढ केला आणि तोही कापडगिरण्यांच्या संदर्भात. सूत, कागद, शाई... माणसाचा क्रमांक अजून लागायचा होता.

९/ मुंबईत तो लागला चित्रपटगृहात. १९३३ मध्ये कुलाब्याला वातानुकूलित रिगल सुरू झाले. आता गारवा माणसासाठी होता, पण तिकीट काढणाऱ्या माणसासाठी. पुढे १९४३ मध्ये ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये टाटा सन्स व स्विस फोल्कार्ट ब्रदर्स यांची व्होल्टास, या कंपन्या मुंबईत स्थापन झाल्या आणि वातानुकूलन हा येथील उद्योग बनला.

१०/ कामगाराची बाजू कायद्याने मांडली. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १३ नुसार कामाच्या जागी पुरेशी खेळती हवा आणि सुसह्य तापमान राखणे बंधनकारक झाले. कलम १५ कृत्रिम ओलाव्याविषयी होते : त्याची मर्यादा राज्य सरकारने ठरवावी, मोजमापे घेऊन नोंदवावीत आणि त्यासाठी वापरलेले पाणी शुद्ध असावे. मुकादमाच्या वहीत सुताबरोबर माणसाचीही नोंद होऊ लागली ती अशी.

११/ आता मीरा-भाईंदरकडे परत येऊ. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. नागपूरच्या गिरणीला हवेत पाणी घालावे लागे. येथे यंत्राला हवेतून पाणी काढावे लागते. डबी बसविणाऱ्या कारागिराचे काम म्हणूनच दिसते तितके सोपे नाही.

१२/ पहिला प्रश्न जागेचा. डबीतील संवेदक जेथे असेल, तेथील हवाच त्याला साऱ्या दालनाची हवा वाटते. उन्हाची भिंत, दाराचा झोत, थंड हवेचे तोंड आणि तापणारे उपकरण या चारही जागा टाळून ती साधारण पाच फुटांवर बसवितात. वायर येण्याचे भिंतीतील भोकही बुजवावे लागते. नाहीतर भिंतीआडची हवा संवेदकाला फसवते.

१३/ मग जोडणी. वीजपुरवठा बंद करून प्रत्येक वायरवर खूण करतात. एकाच यंत्रातून गारवा आणि ऊब दोन्ही मिळत असतील तर वायूची दिशा फिरविणारी झडप कोणत्या हुकमावर फिरते, हे डबीला सांगावे लागते. ते उलटे सांगितले गेले तर गारवा मागताच ऊब येते! त्यानंतर हवे ते तापमान ठरवायचे आणि यंत्र किती अंशांच्या फरकाने सुरू वा बंद व्हावे तेही. हा फरक फार कमी ठेवला तर यंत्र सतत चालू-बंद होते. बंद झालेल्या कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होण्यापूर्वी काही मिनिटांची उसंत द्यावीच लागते. आतील दाब समान होण्याआधी तो सुरू केला तर मोटारीवर ताण येतो.

१४/ शेवटी चाचणी. आधी नुसता पंखा, मग गारवा, मग असेल तर ऊब. वेगळा तापमापक घेऊन दालनाच्या चारही कोपऱ्यांत डबीचा आकडा पडताळायचा आणि नोंद ठेवायची. समुद्राकाठी आणखी एक सापळा असतो. यंत्र गरजेपेक्षा मोठे असेल तर तापमान झटपट उतरते, डबी समाधानाने यंत्र बंद करते आणि ओलावा हवेतच राहतो. आकडा बरोबर, तरी अंग चिकट! कलम १५ मागचा धडा असा पुन्हा समोर येतो : एका तापमापकावर विसंबू नये.

१५/ आकडा कोणी ठरवायचा, यातही आता सरकार उतरले आहे. १ जानेवारी २०२० पासून देशात स्टार लेबल असलेले खोलीचे वातानुकूलन यंत्र मुळात २४ अंशांवर लावलेले असणे बंधनकारक आहे. वापरणारा तो बदलू शकतो. पण सुरुवातीचा हुकूम विजेच्या बचतीचा असतो.

१६/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि गिरणगावातील अनेक कुटुंबे दूरच्या उपनगरांत गेली. परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज वातानुकूलित मॉल आहे. जेथे सुतासाठी हवा घडविली जाई, तेथे आता ग्राहकासाठी घडविली जाते.

१७/ मुकादम बदलला, पण त्याला विचारायचा प्रश्न तोच राहिला. पुढच्या वेळी थंडगार दुकानात शिराल तेव्हा ती डबी कोठे बसविली आहे ते पाहा. ग्राहकाजवळ? मालकाच्या खुर्चीमागे? की दिवसभर उभे राहणाऱ्या विक्रेतीजवळ? संवेदक ज्याच्या शेजारी असतो, हवा त्याच्यासाठी घडत असते.

(धागा समाप्त)