घाटात गाडीला दम का लागतो?

न्हावा शेवा परिसरातून पळस्पेमार्गे पुण्याकडे निघालेल्या गाडीला खोपोलीपर्यंत फारसा चढ लागत नाही. पुढे बोरघाटात मात्र अवघ्या काही किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून मुंबईतील मोटारींनाही ही वाट सोयीची झाली आहे. सेतूवर झकास धावलेली गाडी घाटात एकाएकी ओढेनाशी झाली, तर मागे कंटेनरची रांग आणि शेजारून वेगाने जाणारी वाहने अशा कोंडीत चालक सापडतो. म्हणूनच ही तक्रार गैरसोयीची कमी आणि सुरक्षिततेची अधिक आहे.

घाट दोष निर्माण करीत नाही, तो उघडकीस आणतो. प्रवाशांसह १२०० किलो वजनाची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने चालविण्यास अंदाजे चार-पाच अश्वशक्ती पुरते. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला, की त्याच वेगासाठी आणखी सुमारे ११ अश्वशक्ती लागते. म्हणजे मागणी तिपटीने वाढते. सपाटीवर झाकला गेलेला अशक्तपणा येथे लपत नाही.

उंचीचा परिणाम किती?

उंचीबरोबर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्क्याने घटते. लोणावळ्याला ही घट सहा टक्क्यांच्या आसपास, तर सुमारे १३५० मीटरवरील महाबळेश्वरला तेरा टक्क्यांच्या आसपास असते. टर्बो इंजिनाला ती कमी जाणवते. बोरघाटात गाडी याहून स्पष्टपणे मंदावत असेल, तर दोष उंचीच्या माथी मारता येणार नाही.

आधी इंजिन की क्लच, हे ठरवावे

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी चालकाने एकच गोष्ट नीट पाहावी. चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर जातो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लचप्लेट घसरत असण्याची शक्यता मोठी. इंजिन निर्दोष असते, त्याची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. आरपीएमचा काटाच वर चढत नसेल, तर दोष इंजिनात शोधावा. ही कसोटी हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाड्यांपुरती आहे.

त्याचबरोबर टायरमधील हवा आणि ब्रेक तपासावेत. अडकून राहिलेला ब्रेक इंजिनाच्या दुखण्याचे सोंग आणतो. थोड्या प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले आढळल्यास तेथेच पाहावे. चाकाला थेट हात लावू नये.

लक्षणांवरून निदान

इंजिनाला हवा, इंधन, ठिणगी (डिझेलमध्ये योग्य फवारा) आणि धूर बाहेर जाण्याची मोकळी वाट, या चार गोष्टी लागतात. तपासणीही याच क्रमाने करावी.

हवा : बंदराकडील रस्त्यांवर अवजड वाहनांची धूळ असते. तेथे रोज फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच पाहावा. कागदी फिल्टर धुऊ नये. टर्बो गाडीत शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर असेल, तर टर्बोची होज फाटली आहे का, हे पाहावे.

इंधन : गाडी सुरुवातीला ओढते, पाय दाबून ठेवल्यावर मरगळते आणि पाय सैल करताच सावरते, असे होत असल्यास इंधन अपुरे पोहोचते आहे. आधी फिल्टर, मग पंपाचा दाब तपासावा. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळच्या वेळी काढावे.

ठिणगी : पेट्रोल गाडी ठरावीक लयीत हिसके देत असेल, तर प्लग किंवा कॉइल संशयित ठरतात. खाऱ्या, दमट हवेने वायरींच्या जोडांना गंज चढतो. तेही उघडून पाहावेत. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी रेटू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते.

धूर : सपाटीवरही वेग गाठत नाही आणि इंजिन तापते, तर सायलेन्सरची वाट तुंबलेली असू शकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर असतो. केवळ शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तो भरतो. त्याचा दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग गाडी चालवावी लागते.

ताकद एकदम मर्यादित झाली, तर इंजिनाच्या संगणकाने बचावासाठी तसे केलेले असू शकते. स्कॅनर लावून कोड वाचावा, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. ‘हवेच्या मानाने इंधन कमी’ असा कोड आला, तरी कारण तुंबलेला फिल्टर, अशक्त पंप किंवा हवेची गळती यांपैकी काहीही असू शकते. मोजमाप न करता सेन्सर बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो. यातून काहीच हाती न लागल्यास सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा.

घाटातच गाडी मंदावली तर

एसी बंद करावा, वेग पडण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि डावी मार्गिका धरावी. तापमानाचा काटा चढल्यास सुरक्षित जागी थांबून धोक्याचे दिवे लावावेत. प्रवाशांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे सुरक्षित अंतरावर उभे राहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. मदतीसाठी ११२ क्रमांक आहे.

दुरुस्तीनंतर गॅरेजच्या दारातली फेरी पुरेशी मानू नये. तोच चढ, तोच गिअर आणि तेवढेच प्रवासी ठेवून गाडी पुन्हा चालवून पाहावी. तेथे ती ओढली, तरच निदान बरोबर होते.