ॲडिनोव्हायरस, मानवी

माणसाचे डोळे, घसा, फुफ्फुसे, आतडी आणि मूत्राशय यांना संसर्ग करणाऱ्या विषाणूंचे एक कूळ. 1953 साली अमेरिकेत वॉलेस रो व त्यांच्या सहकाऱ्यांना हा विषाणू मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथींमध्ये सापडला. 1954 मध्ये मॉरिस हिलमन यांनी तो आजारी सैनिकांमध्येही दाखवून दिला. ए ते जी असे याचे सात गट असून त्यांत पन्नासाहून अधिक प्रकार मोडतात.

रचना : वीस पृष्ठांचे प्रथिनांचे कवच, बारा कोपऱ्यांवर बारा तंतू आणि आत सुमारे 36,000 बेसजोड्यांचा दुपदरी डीएनए. कवचावर मेदाचे आवरण नसते. म्हणूनच अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू सहजी दाद देत नाही आणि दाराच्या कड्यांवर, टॉवेलवर किंवा दवाखान्यातील उपकरणांवर कित्येक दिवस टिकून राहतो. साबणाने हात चोळून धुणे हाच भरवशाचा उपाय.

रोग : प्रकार 3, 4 व 7 ताप, घसादुखी आणि डोळ्यांची लाली एकत्र आणतात, पोहण्याच्या तलावातूनही ही साथ पसरते. 40 व 41 या प्रकारांनी लहान मुलांना हगवण लागते. निरोगी माणूस बहुधा आपोआप बरा होतो. तान्ही मुले आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण मात्र दगावू शकतात. 2023 च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये मुलांच्या श्वसनविकाराची जी मोठी साथ आली, तिच्यामागे हाच विषाणू होता.

विदर्भातील दिग्रस, दारव्हा, पुसद या भागात या विषाणूची ओळख होते ती पावसाळ्यात ‘डोळे आले’ म्हणतात तेव्हा. प्रकार 8, 37 इत्यादींनी येणारे डोळे सर्वांत चिवट. आधी एका डोळ्यात खडा गेल्यासारखे टोचते, काही दिवसांत दुसराही लाल होतो, सकाळी पापण्या चिकटतात आणि कानापुढची गाठ दाबली की दुखते. लाली ओसरल्यावरही काहींच्या बुबुळावर बारीक पांढुरके ठिपके उरतात, उजेड सहन होत नाही आणि महिनोन्‌महिने अंधुक दिसते. आलेल्या डोळ्यांकडे नुसते पाहून डोळे येतात, ही समजूत निराधार आहे. संसर्ग होतो हातातून, रुमालातून, एकमेकांच्या उशीतून. काळ्या चष्म्याने उजेडापासून आराम पडतो, साथ थांबत नाही.

अर्थात प्रत्येक साथ याच विषाणूची नसते. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात काही लाख लोकांचे डोळे आले. बुलढाणा जिल्ह्यात रुग्ण फार होते, आळंदीत शाळकरी मुलांना झळ बसली. त्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासलेल्या नमुन्यांत एंटेरोव्हायरस आढळला. वरून पाहून दोहोंतला फरक सांगणे अवघड. दोन्हींवर प्रतिजैविकाचे थेंब निरुपयोगी असतात, तरीही औषधाच्या दुकानांतून सर्वाधिक खपतात तेच. स्टिरॉइडचे थेंब मनाने घालणे तर सरळ धोक्याचे.

वैद्यकीय उपयोग : पेशीत शिरून आपला डीएनए थेट केंद्रकात पोचवण्याची या विषाणूची हातोटी वैद्यकाने उचलली. वाढीला लागणारा ई-1 हा जनुकभाग काढून टाकला की विषाणू शरीरात वाढू शकत नाही. त्या जागी हवा तो जनुक बसवून विषाणूला त्याचा वाहक करता येते. याच विषाणूच्या अभ्यासातून 1977 मध्ये जनुके तुकड्यांत विभागलेली असतात हे कळले. त्यासाठी रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना 1993 चे नोबेल मिळाले.

या वाहकाने केलेल्या जनुकोपचाराची सुरुवात मात्र दुःखद ठरली. 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण प्रकार 5 च्या वाहकाने उसळलेल्या प्रतिकारप्रतिक्रियेत मरण पावला आणि हे संशोधन कित्येक वर्षे मागे पडले. 2003 मध्ये चीनने याच वाहकावर आधारलेले कर्करोगावरील जेंडिसिन हे औषध मंजूर केले. लसीत मात्र प्रतिकारशक्तीची हीच उसळी उपयोगाची ठरते.

कोविडवरील स्पुटनिक-व्ही लसीत मानवी प्रकार 26 व 5 वापरले आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्हिशील्डमधला विषाणू मात्र चिंपांझीचा. मानवी प्रकारांविरुद्ध अनेकांच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे असतात आणि ती लस निष्प्रभ करू शकतात, म्हणून ही निवड. एका मात्रेत, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरमध्ये, 5,000 कोटी विषाणुकण. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला टिकते, म्हणून पोलिओ-गोवराच्या लसींसाठी उभारलेली शीतसाखळीच तिला पुरली. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला उणे सत्तर अंशांचे यंत्र लागले नाही. अशा लसींनंतर क्वचित रक्ताच्या गुठळ्या व प्लेटलेट घटण्याचा गंभीर विकार नोंदला गेला आहे.

खुद्द या विषाणूच्या प्रकार 4 व 7 विरुद्धची तोंडावाटे घ्यायची गोळी 1971 पासून अमेरिकी सैनिकांना देऊ लागले. उत्पादन थांबल्यावर छावण्यांत आजार पुन्हा उसळला. 2011 मध्ये गोळी परत आली. ती केवळ सैन्यातच मिळते. नागरिकांसाठी मानवी ॲडिनोव्हायरसची लस आजही उपलब्ध नाही.